मनोरुग्ण आणि आपला दानधर्म
(महोत्सवानिमित्त धरणगांव येथील सभेंत वाचलेलें भाषण)



महोत्सवाच्या या आनंदाच्या दिवशीं आम्ही एका अशा दुःखाविषयीं बोलणार आहों, कीं ज्याचें नांव घेण्याचीही घरोघर लाज वाटते. ताप आला, हाड मोडलें, तर शेजारी भाकरी घेऊन येतात. मन आजारी पडलें म्हणजे घरचे दार लावून घेतात, आणि शेजारीही तिकडे फिरकत नाहींत.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांतील तो मनुष्य आपणां सर्वांस ठाऊक आहे. तो थडग्यांत राही, स्वतःस दगडांनीं ठेंचून घेई. लोकांनीं त्याला सांखळ्यांनीं बांधून पाहिलें होतें. प्रभूनें त्याला बरें केल्यावर तो वस्त्र नेसून, शुद्धीवर येऊन बसलेला दिसला, तेव्हां लोक भ्याले! त्यानें प्रभूबरोबर जाण्याची विनवणी केली; परंतु प्रभूनें त्याला त्याच्या घरीं, त्याच्या माणसांत पाठविलें. मनोविकार म्हणजे भूतबाधा, असें आम्ही यावरून मुळींच म्हणत नाहीं; ते आजार आहेत व त्यांस डॉक्टरच पाहिजे. आम्हांस विचारावयाचें तें एवढेंच कीं, घरच्यांनीं त्याला कसें वागविलें असेल?

घरीं पोंचविण्याचें हेंच काम आपल्या महाराष्ट्रांत मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनीं आरंभिलें. मुंबईंत एक तरुण करवंटीनें गटाराचें पाणी पितांना त्यांनीं पाहिला. उपचारानंतर कळलें कीं, तो विज्ञानाचा पदवीधर असून वैद्यकीय प्रयोगशाळेचें शिक्षण घेतलेला होता. १९८८ सालीं या दांपत्यानें 'श्रद्धा' ही संस्था स्थापिली. २००६ मध्यें कर्जत येथें तिचें मोठें केंद्र झालें. रस्त्यावरील रुग्णास आणावें, औषधपाणी करावें, स्मृति परतल्यावर गांव विचारावें आणि त्याला घरीं नेऊन पोंचवावें, असा क्रम. लोकांच्या देणग्यांच्या बळावर हजारों माणसें अशीं घरीं परतलीं. २०१८ सालीं डॉ. वाटवानींस मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

पण घर गांठल्यावर पुढें काय? राज्याचीं चार जुनीं शासकीय मनोरुग्णालयें ठाणें, पुणें, नागपूर व रत्नागिरी येथें आहेत. त्यांतलें एकही खानदेशांत नाहीं. जळगांवास डॉक्टर भेटतात, हें खरें. तथापि येथून जाण्यायेण्यांत मजुराचा दिवस जातो, रोज बुडतो, वर भाडें पडतें. गोळ्या फुकट मिळाल्या तरी त्या आणणें फुकट होत नाहीं. कापूस वेचणीच्या दिवसांत तर घरांत कोणी मोकळें नसतें. एक महिना चुकतो, दुसरा चुकतो, आजार उलटतो; आणि गांव म्हणतें, हा बरा होणाराच नव्हे. २०१७ च्या कायद्यानें मनोरुग्णास सांखळीनें बांधण्याची मनाई केली, उपचाराचा हक्क दिला. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्लाही मिळतो. "मग सरकार आहे ना!" असें कित्येक म्हणतात. आहे, परंतु सरकार रुग्णाचा हात धरून त्याला गाडींत बसवीत नाहीं.

या गांवाला एक आठवण आहे. १८९० सालीं येथें जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवि, यांना रेव्हरंड टिळक व लक्ष्मीबाई यांनीं अहमदनगरास स्वतःच्या घरीं ठेवून घेतलें होतें. टिळकांचा पंथ आमच्याहून निराळा, म्हणून त्यांचें ऋण मानावयाचें नाहीं असें थोडेंच आहे! बालकवींस मनोविकार होता असें आम्ही सुचवीत नाहीं. पण हळव्या मनाच्या परक्या मुलाला पानावर जागा देणारें घर कसें असतें, हें त्यावरून कळतें. अशा जागेला पैसा फार लागत नाहीं, आणि तरी तीच सर्वांत महाग पडते. लग्नाच्या पंगतींत, मिस्सेच्या वेळीं बांकावर, बरा झालेला मनुष्य येऊन बसला म्हणजे आम्हीच नकळत सरकून बसतों. हें आम्ही स्वतःवरूनच सांगत आहों.

यास्तव आमची विनंति अशी आहे. आजच्या वर्गणींतून कांहीं रक्कम केवळ गाडीभाडें, गोळ्या व बुडालेल्या रोजासाठीं निराळी ठेवावी. ज्यांना पैसा देणें शक्य नाहीं त्यांनीं महिन्यांतून एक दिवस द्यावा, व एका रुग्णासोबत जळगांवास जाऊन यावें. जातधर्म विचारूं नये. रुग्णांचीं नांवें कोणत्याही यादींत लागणार नाहींत. सोबत जाणारांचीं मात्र हवींत. सभा आटोपल्यावर दाराशीं वही ठेविली आहे. पहिल्या ओळींत आम्हीं आमचें नांव लिहिलें आहे.