शाखेचं नाव नको, काम पाहा



दहावीचा निकाल लागला की आपल्या बीड जिल्ह्यात घरोघरी एकच विषय निघतो. पोराला डिप्लोमाला घालायचं, पण कुठल्या ब्रँचला? ऊसतोडीचा हंगाम संपवून आलेले आईवडील मुलाला घेऊन तालुक्याला येतात. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो, त्यामुळे दरवर्षी अशी मुलं भेटतात. "काय घ्यायचं ठरवलंस?" असं विचारलं, की उत्तर येतं, "चुलते म्हणले सिव्हिल घे." दुसरा म्हणतो, "मित्रानं कॉम्प्युटर भरलंय." तिसरा म्हणतो, "कॅफेवाल्यानं सांगितलं, याला स्कोप आहे." या तिन्ही उत्तरांत खुद्द मुलाची आवड कुठंच नसते. पुढची तीन वर्षं, सहा सत्रं, प्रॅक्टिकलला उभं राहायचं असतं ते मात्र त्यालाच.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की शाखेचं नाव ऐकून ठरवू नका, त्या शाखेत दिवसभर काय काम करावं लागतं ते आधी पाहा.

आपल्या परळीचंच औष्णिक वीज केंद्र घ्या. तिथं १९७१ साली पहिला संच सुरू झाला. जुने संच आता बंद झाले असून सध्या प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. तिथं काय चालतं? दगडी कोळसा दळून पिठासारखा बारीक करतात आणि बॉयलरमध्ये जाळतात. पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं. एवढ्या वेगानं फिरणाऱ्या दांड्याचा तोल कसा राखायचा, तो तापला, थरथरला तर काय करायचं, हा प्रश्न ज्याला सतावतो, त्यानं मेकॅनिकलकडे पाहावं.

टर्बाइनला जोडलेल्या जनित्रात वीज तयार होते. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब वाढवतो आणि ती मनोऱ्यांवरच्या तारांतून दूरवर जाते. गावात डीपी जळाला की जो पोरगा वायरमनच्या मागं मागं जातो आणि "फ्यूज का उडाला?" असं विचारतो, त्याला इलेक्ट्रिकल रुचेल.

बॉयलरमधलं तापमान, वाफेचा दाब, पाण्याची पातळी हे सारं नियंत्रण कक्षात बसून कळतं. ते मोजणारी आणि कळवणारी यंत्रणा म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशन आणि इलेक्ट्रॉनिक्स. आलेल्या आकड्यांवर काम करणारे प्रोग्राम लिहिणं हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम. बॉयलरला साधं पाणी चालत नाही. त्यातले क्षार आधी काढावे लागतात, नाहीतर नळ्यांत आणि टर्बाइनच्या पात्यांवर त्यांचा थर बसतो. हे काम रसायनशास्त्राचं, आणि ज्याला ते आवडतं त्याला केमिकल शाखा आहे. आपल्याकडच्या साखर कारखान्यांतही रस स्वच्छ करण्यापासून साखरेचे दाणे बनेपर्यंत हेच शास्त्र लागतं.

आणि पाणीच नसेल तर? २०१३च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. पाणी अडवणं, वळवणं, पोचवणं हे सिव्हिलचं काम. बीड शहराजवळची खजाना विहीर मुलांना जरूर दाखवा. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेल्या या विहिरीचं पाणी जमिनीखालच्या मार्गानं, केवळ उताराच्या बळावर शेतांपर्यंत जाई. पंप नाही, वीज नाही. तिथं उभं राहून ज्याला "हा उतार त्यांनी मोजला कसा?" असा प्रश्न पडतो, त्यानं सिव्हिलचा विचार जरूर करावा.

पालकांना दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. मुलगी आहे म्हणून तिला मेकॅनिकल नको, असं म्हणू नका. लेथवर काम करायला लागते ती अचूक नजर आणि शिस्त, आणि ती मुलींकडे असते. दुसरं म्हणजे, गणित टाळायचं म्हणून अमुक शाखा, असा हिशोब करू नका. पहिल्या वर्षी गणित आणि विज्ञान जवळजवळ सगळ्यांनाच असतं. कॉम्प्युटर घेतला म्हणून गणित सुटत नाही.

आज निवडलेली शाखा म्हणजे शेवटचा दरवाजाही नव्हे. डिप्लोमा झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. आयटीआय किंवा बारावी विज्ञान झालेल्यांनाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. तेव्हा घाबरून नव्हे, विचार करून निवडा.

आता मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. अर्ज भरण्याआधी एक आठवडा काढा. एक दिवस मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसा. एक दिवस वेल्डिंग आणि लेथच्या वर्कशॉपमध्ये जा, एक दिवस बांधकामावर. गावात कुणी सॉफ्टवेअरमध्ये असेल तर सुट्टीला आल्यावर त्याला विचारा, दिवसभर नेमकं काय करतोस? कुठं वेळ कसा गेला ते कळलं नाही, आणि कुठं सारखं घड्याळाकडे लक्ष जात होतं, ते वहीत लिहा. ती वही घेऊन आईवडिलांशी आणि शाळेतल्या सरांशी बोला.

मग प्रवेशाचे अर्ज भरण्याच्या सुविधा केंद्रावर जा. पसंतीक्रम भरताना ध्यानात ठेवा, पहिल्या क्रमांकावर लिहिलेली जागा मिळाली की तीच घ्यावी लागते. म्हणून पहिल्या ओळीत चुलत्यांची, मित्राची किंवा कॅफेवाल्याची आवड नको. ती ओळ तुमच्या वहीतून येऊ द्या, आणि स्वतःच्या हातानं भरा.