मुंबई-दुबई: अंतर एकच, वेळ दोन
वसई-विरारहून आखातात कामाला जाणाऱ्याच्या तिकिटावर मुंबईहून सुटायची वेळ सकाळी १० आणि दुबईला पोहोचायची पावणेबारा दिसली, तर प्रवास पावणेदोन तासांचा समजू नका. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. खरे तास सव्वातीन. हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर, जाता-येता तेवढंच, तरी परतताना बहुधा वेळ कमी लागतो. कुणी म्हणेल, पृथ्वी फिरते म्हणून. पण ती पूर्वेकडे फिरते. तसं असतं तर परतताना मुंबईच पुढे सरकत गेली असती आणि वेळ उलट वाढला असता. हवाही पृथ्वीसोबतच फिरते. खरं कारण आहे उंचावर पश्चिमेकडून येणारा वारा. हिवाळ्यात तो जोर धरतो, तेव्हा येणाऱ्या विमानाला पाठीमागून रेटा मिळतो. पावसाळ्यात तो मंदावतो आणि हा फरकही आटतो.