बारा नारळ आणि मायबोली

(हीरक महोत्सवानिमित्त बेंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालकांच्या स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



ज्या नगरीत आज हा मेळावा भरला आहे, त्या बेंगळुरूशी मराठी भाषेचे नाते जवळजवळ चार शतकांचे आहे. १६३८ नंतर शहाजीराजांचे वास्तव्य या नगरीत होते. त्यांच्या दरबारी जयराम पिंड्ये नावाचा एक मराठी कवी आला. त्याने महाराजांपुढे बारा नारळ ठेवले. त्यांचा अर्थ विचारला असता, आपल्याला बारा भाषांत काव्यरचना करता येते, असे त्याने सांगितले. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी संपादित करून प्रकाशात आणला. त्या बारा भाषांत संस्कृत आणि प्राकृत होत्याच, शिवाय गुजराती, पंजाबी आणि या भूमीची कानडीही होती. अनेक भाषा जाणणारा मनुष्य आपल्या परंपरेत दरबारी मानाचा धनी होता, ओझ्याखाली वाकलेला नव्हता.

हे स्मरण आज करण्याचे कारण असे की, बेंगळुरूतील मराठी घरांत नेमका उलटा प्रश्न विचारला जातो. घरात मराठी, अंगणात कन्नड, वर्गात इंग्रजी, मित्रांत हिंदी, आणि आता परदेशी शिक्षणाच्या तयारीसाठी जर्मन किंवा स्पॅनिश. एका मुलाने सोसावे तरी किती? मग यांपैकी एक भाषा वगळायची ठरते आणि बहुधा ती मराठीच असते. तिच्याने नोकरी मिळत नाही, परीक्षेत गुण मिळत नाहीत, आणि आजी-आजोबा आता इंग्रजी शब्द समजून घेतात. असा निर्णय घेणाऱ्या पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. मराठी माध्यमातून बाहेर पडून महाविद्यालयात पहिल्याच दिवशी इंग्रजीपुढे मूक झालेली मुले याच सभागृहात आज पालक म्हणून बसलेली आहेत. ती भीती खरी होती. आपल्या मुलाच्या वाट्याला ती येऊ नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की, मराठी काढून टाकल्याने पुढची भाषा सोपी होते का? स्पॅनिशच्या अभ्यासापुरते तरी याचे उत्तर नीट तपासता येते.

त्यासाठी आधी वर्ध्याकडे पाहावे लागेल. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ चा, वर्धा परिसरातला. देशाच्या स्वातंत्र्याचा ध्यास घेऊन हा तरुण जपानमार्गे अमेरिकेत पोहोचला, तेथे कृषिशास्त्र शिकला आणि गदर चळवळीच्या आरंभीच्या धुरीणांपैकी एक झाला. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत तो इराणात लढला. ब्रिटिश राजवटीत मायदेशाची दारे बंद झाल्यावर १९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत आले. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. जवळ पैसा नव्हता आणि त्या देशाची भाषा स्पॅनिश होती. पुढे चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केले, मक्यावरील त्यांचे लेखन स्पॅनिशमध्ये छापले गेले. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा उभ्या केल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातील एका भित्तिचित्रात, सर्वांना भाकरी वाटून देणाऱ्या पुरुषाच्या जागी खानखोज्यांना रेखाटले. २०२२ मध्ये चापिंगोच्या त्याच विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्यांचे अखेरचे दिवस मात्र नागपुरात गेले, तेथेच १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

चाळिशीतील मनुष्य परक्या भाषेत शेतकऱ्याला बियाणे समजावून सांगू लागतो, याचे श्रेय त्याच्या बुद्धीला आणि गरजेला आहेच. परंतु मराठी जाणणाऱ्याला स्पॅनिशचे दार काहीसे उघडेच सापडते, हेही तितकेच खरे आहे. स्पॅनिश शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांची जिथे हमखास अडखळण होते, ते वाक्य पाहावे. ‘मे गुस्ता एल मांगो’, म्हणजे मला आंबा आवडतो. आंबे अनेक असले की ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या माणसाप्रमाणे चालत नाही, आंब्याप्रमाणे चालते. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला ही रचना उलटी वाटते आणि ती नियम म्हणून पाठ करावी लागते. मराठी मूल ती तिसऱ्या वर्षीच आजीच्या मांडीवर शिकलेले असते.

दुसरे उदाहरण विशेषणांचे. ‘निन्यो बुएनो, निन्या बुएना’ म्हणजे चांगला मुलगा, चांगली मुलगी. नामाच्या लिंगाप्रमाणे विशेषण बदलते, हे मराठी कानाला सांगावे लागत नाही. आपल्याकडे तीन लिंगे, त्यांच्याकडे दोनच, म्हणजे हिशेब उलट हलका होतो. तिसरे उदाहरण संबोधनाचे. स्पॅनिशमध्ये सलगीच्या माणसाला ‘तू’ म्हणतात, उच्चार आणि अर्थ दोन्ही आपलेच. वडीलधाऱ्याला किंवा अनोळखी माणसाला ‘उस्तेद’ म्हणतात. कोणाला काय म्हणावे, हे ज्या घरात ‘अरे’, ‘अहो’ आणि ‘आपण’ यांची जाण आहे, त्या घरातील मुलाला चटकन उमगते. स्पॅनिशचा ‘त’ दातांना जीभ लावून उच्चारतात, इंग्रजीसारखा ‘ट’कडे झुकवून नव्हे. ‘त’ आणि ‘ट’ वेगळे आहेत, हे आपली बाराखडी पहिल्याच वर्षी शिकवते.

मात्र हा लाभ केवळ आडनाव मराठी असल्याने मिळत नाही. ज्या मुलाच्या कानावर घरी अर्धेच वाक्य मराठी पडते आणि उरलेले इंग्रजीत पूर्ण होते, त्याच्यापाशी ही घडण तयार नसते. व्याकरणाची पुस्तके चाळून ती नंतर मिळवता येते, पण ती मिळवावी लागते.

परदेशी भाषा खऱ्या अर्थाने वर्गाबाहेर लागते. मेक्सिकोत स्पॅनिश शिकणारे विद्यार्थी बहुधा ग्वादालाहारा, ग्वानाहुआतो यांसारख्या पठारावरच्या शहरांत राहतात आणि सुट्टी लागली की मित्रांसमवेत डोंगररांगा ओलांडून उष्ण किनाऱ्याकडे उतरतात. घाट उतरून कोकणात जाणाऱ्याला ही वाट ओळखीची वाटेल. हवा दमट होत जाते, झाडे दाट होतात आणि अखेरीस समुद्राआधी माड दिसू लागतात. पॅसिफिक किनाऱ्यावरील कोलिमा प्रांतात माडावर चढून रस काढणारे लोक आहेत. त्या रसाला ते ‘तुबा’ म्हणतात. हा शब्द स्पॅनिश नव्हे, तो फिलिपीन्सचा आहे. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला ते आकापुल्को अशी स्पॅनिश गलबतांची ये-जा होती. त्यांवरील फिलिपिनो खलाशांनी माड आणि माडी काढण्याची कला या किनाऱ्यावर आणली. पूर्वेकडे, वेराक्रुझच्या बाजूला, माडांची कुळकथा निराळी आहे. अटलांटिकच्या किनाऱ्यांवरील माड हिंदी महासागरातील माडांच्या वंशातले असून पोर्तुगीज दर्यावर्द्यांमार्फत तिकडे पोहोचले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनात दिसून आले.

किनाऱ्यावरील दुकानात ‘तामारिंदो’चे सरबत मिळते. ती आपली चिंच. अरबांनी तिला ‘हिंदचा खजूर’ म्हटले, तेच नाव स्पॅनिशमध्ये शिरले. शेजारच्या बरणीतील लाल ‘हामाइका’ हे लाल अंबाडीच्या बोंडांचे पेय. बाजारात ‘मनिला’ नावाचा आंबा असतो आणि ‘मांगो’ हा शब्द मूळचा दक्षिण भारतातला. उलट दिशेने मेक्सिकोने आपल्याला मिरची दिली, टोमॅटो दिला, आणि डहाणू-घोलवडच्या बागांची कीर्ती ज्यावर उभी आहे तो चिकूही दिला. पोर्तुगीजांमार्फत मराठीत आलेले ‘पगार’ आणि ‘बिजागरी’ हे शब्द थोड्याफार फरकाने स्पॅनिशमध्येही भेटतात. परक्या बाजारात असा एखादा शब्द सापडला की शिकणाऱ्याची भीड मोडते. पण ज्याला ‘बिजागरी’ हा शब्द घरी ऐकायलाच मिळाला नाही, त्याला तेथे ओळखीचे काय वाटणार?

सोबतीविषयी एक सूचना येथेच करावीशी वाटते. परदेशी गेलेली मुले एकत्र राहतात, एकत्र हिंडतात आणि दिवसभर इंग्रजीत किंवा हिंदीत बोलतात. सहा महिन्यांनी परत येतात ती छायाचित्रे घेऊन, भाषा घेऊन नव्हे. मित्र अवश्य असावेत, पण चौघांत एक तरी स्थानिक असावा, आणि बाजारात भाव विचारण्याची पाळी ज्याची त्यानेच पार पाडावी. चुकीचे बोलून हसे झाले तरी चालेल. महाविद्यालयात इंग्रजीपुढे गप्प राहिलेल्या पिढीला खरे तर शब्दांची उणीव फारशी नव्हती, हशाची भीती अधिक होती.

पालकांकडून अपेक्षा मोठ्या नाहीत. मुलाने स्पॅनिश शिकावी, कन्नड तर अवश्य शिकावी, कारण ज्या भूमीचे पाणी प्यावे तिची भाषा येणे हा साधा शिष्टाचार आहे. इंग्रजीही उत्तम यावी. मात्र जेवताना अर्धा तास घरात अखंड मराठी बोलली जावी, वाक्य मराठीत सुरू झाले तर मराठीतच संपावे. आजीशी फोनवर बोलताना मुलाच्या वतीने आईने उत्तर देऊ नये. महिन्याकाठी एक मराठी पुस्तक मोठ्याने वाचले जावे. शाळा साठ वर्षे हेच करीत आली आहे. बेंगळुरूतील बहुतेक घरांना ती दूर आहे, म्हणून तेथे ते काम आता घराकडे आले आहे.

जयराम पिंड्ये याने बारा नारळ ठेवले, तेव्हा त्यांत कोणता पहिला होता, हे कोणी विचारले नसेल. परंतु पहिला हाती असल्याशिवाय बारावा ठेवता येत नाही, हे तो जाणत असेल. आपल्या मुलांनी जगात कोठेही जावे आणि तेथील लोकांशी त्यांच्या भाषेत बोलावे. परत आल्यावर तेथे काय पाहिले, ते आजीला तिच्या भाषेत सांगता यावे, एवढीच हीरक महोत्सवानिमित्त शाळेची सदिच्छा.