भाव परत आला की विकू?



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, शेअर बाजाराशी आपला काय संबंध? मीही असंच म्हणायचे. आमचे हे नोकरी करून शेअरचा नाद सांभाळायचे. रात्रीची जेवणं झाली की डायरी काढून बसायचे. कुठल्या कंपनीचे किती शेअर, कितीला घेतले, सगळं सुवाच्य अक्षरात. मी कधी त्या डायरीत डोकावले नाही. ते अचानक गेले, तेव्हा डीमॅट खात्यात १९ कंपन्यांचे शेअर होते आणि ते सांभाळायची जबाबदारी माझ्यावर आली.

डीमॅट खातं म्हणजे काय? पैसे ठेवायला बँकेचं खातं असतं, तसं शेअर ठेवायचं हे खातं. यांनी नॉमिनी म्हणून माझं नाव लावलं होतं. त्यामुळे मृत्यूचा दाखला, अर्ज आणि माझी ओळखपत्रं दिल्यावर शेअर माझ्या खात्यात आले. पण एक लक्षात ठेवा, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. शेअर नॉमिनीच्या नावावर आले तरी वारसांचा हक्क जात नाही. आमच्याकडे मृत्युपत्र नव्हतं. म्हणजे दोन्ही मुलांचा आणि सासूबाईंचाही त्यात वाटा होता. आम्ही एकत्र बसलो आणि ठरवलं, सांभाळायचं मी, आणि दर दिवाळीला सगळ्यांना हिशेब दाखवायचा.

मग सल्ले सुरू झाले. धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, सगळं विका आणि बँकेत ठेव ठेवा." मुलगा म्हणाला, "आई, कशालाही हात लावू नकोस." मी मुलाचं ऐकलं. खरं सांगायचं तर ऐकणं सोपं होतं, कारण त्यात काही करायचंच नव्हतं.

त्या १९ मध्ये एका कंपनीचे ५०० शेअर होते. यांनी १८० रुपयांना घेतलेले. माझ्या खात्यात आले तेव्हा भाव ११० होता. मी मनाशी म्हटलं, १८० झाला की विकू. भाव ९० झाला. मी थांबले. ६० झाला. कंपनीवर कर्ज वाढतंय अशा बातम्या येत होत्या, मी त्या वाचतही होते. तरी थांबले. शेवटी ४२ रुपयांना विकले. ११० ला विकले असते तर ५५,००० आले असते, हातात आले २१,०००. दलाली आणि कर धरलेच नाहीत, तरी ३४,००० रुपये माझ्या थांबण्याने गेले. लेकीच्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी ते मोजून ठेवलेले पैसे होते. मग माझ्या दोन बांगड्या मोडल्या.

मी का थांबले, याचा मी खूप विचार केला. डायरीत त्यांच्या अक्षरात १८० लिहिलं होतं. त्याखाली विकणं म्हणजे त्यांची चूक काढल्यासारखं वाटायचं. मैत्रिणींनो, आपण किंमत आठवतो ती आपली आठवण असते. बाजाराला तिचं काही देणंघेणं नाही. शेअर ६० ला असताना १८० व्हायला तो तिप्पट व्हावा लागतो. ते होईल असं मानायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं.

हे मोठमोठ्यांच्या बाबतीतही होतं. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता. तो घसरत गेला, तेव्हा "आता स्वस्त झालाय" म्हणून पुष्कळांनी वाटेत आणखी घेतला. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेवर निर्बंध आणले. पुढे वाचवण्याची योजना आली, तिच्यात १०० किंवा त्याहून जास्त शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी अडकवले गेले. म्हणजे विकायचं मनात आलं तरी विकता येईना.

म्हणून आता मी प्रत्येक शेअरला एकच प्रश्न विचारते. आज या शेअरच्या किमतीएवढे रोख पैसे माझ्या हातात असते, तर मी हाच शेअर घेतला असता का? उत्तर "हो" असेल, तर का, ते एका ओळीत वहीत लिहिते. ती ओळ लिहिता येत नसेल, तर तो शेअर विकायच्या यादीत जातो.

याच्या जोडीला दोन हिशेब करते. पहिला, कुठला पैसा कधी लागणार. पुढच्या तीन वर्षांत फी, लग्न, आजारपण यांना लागेल तो पैसा मी शेअरमध्ये ठेवत नाही. दुसरा, किती पैसा कशात आहे. १९ कंपन्या ऐकायला पुष्कळ वाटतात. मी बेरीज केली, तर शंभरातले साठ रुपये दोनच कंपन्यांत होते. सगळ्या रानात एकच पीक घेतल्यासारखं झालं ते.

तोट्यात विकताना आणखी एक गोष्ट कामाला येते. वारसाने आलेल्या शेअरला यांचीच खरेदीची तारीख आणि यांचाच भाव धरतात. माझा ६९,००० रुपयांचा तोटा असा दीर्घ मुदतीचा ठरला. दीर्घ मुदतीच्या नफ्यातून तो वजा करता येतो. त्या वर्षी नफा नसेल, तर पुढची आठ वर्षं ओढता येतो. अट एकच, आयकराचं विवरण मुदतीत भरलेलं हवं. सध्याच्या नियमाप्रमाणे १२ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या शेअरवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के आहे.

आणि सल्ला कुणाचा घ्यायचा? फोनवर टिप देणाऱ्याचा मुळीच नाही. सल्लागाराचा सेबीकडचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. नंबर द्यायला कुरकुरला, तर तिथूनच नमस्कार करा.

आज रात्री जेवणं झाली की घरातल्यांना विचारा, आपले शेअर आहेत का, कुठल्या खात्यात आहेत, नॉमिनी कोण आहे. पॅन क्रमांकावर एनएसडीएल किंवा सीडीएसएलचं एकत्रित विवरण मिळतं, त्यात सगळं एका जागी दिसतं. ते बघायला कुणाच्या जाण्याची वाट बघू नका.

यांची डायरी अजून माझ्याकडेच आहे. आता तिच्यात पुढची पानं मी लिहिते. खरेदीच्या भावाशेजारी मी एक नवा रकाना आखला आहे. त्याचं नाव "आज का ठेवायचा?"