डेल्कोची बारीक नळी
(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात झालेले भाषण)



काल याच जागी ज्ञानेश्वरीवर निरूपण झाले, आणि आज मी अँबेसिडरच्या इंजिनावर बोलणार म्हटल्यावर आमच्या घरातून सूचना आली, 'लोक उठून जातील.' पाहू या. बेळगावात बऱ्याच दारांपुढे एके काळी ही गाडी उभी असे. काहींच्या शेडमध्ये अजून आहे.

मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातले हे १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन. त्यात ठिणगी पिस्टन अगदी वर पोचल्यावर पडून चालत नाही. पेट्रोल-हवेचे मिश्रण एकदम भडकत नाही, जळत जाते, आणि त्याला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ८०० फेऱ्या असताना क्रँक एका मिलिसेकंदात जेमतेम ५ अंश फिरतो, ३००० फेऱ्यांना १८ अंश. म्हणून वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत डेल्कोच्या, पोटातली दोन वजने फिरताना बाहेर फेकली जातात आणि ते काम करतात.

पण नुसत्या वेगावर भागत नाही. सपाट रस्त्यावर पाय हलका असला की सिलिंडरमध्ये मिश्रण थोडे जाते. थोडे आणि विरळ मिश्रण सावकाश जळते, म्हणून ठिणगी आणखी आधी हवी. त्यासाठी कार्ब्युरेटरपासून डेल्कोला एक बारीक नळी जाते. तिच्या टोकाच्या डबीत पडदा असतो. इंजिनाच्या ओढीने पडदा खेचला जातो आणि पॉइंटची प्लेट थोडी फिरते. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ओढ संपते, स्प्रिंग प्लेट मागे आणते, ठिणगी उशिरा पडते. तिथे तेच हवे असते.

हा पडदा फाटला तरी गाडी बंद पडत नाही. नुसती जड होते, पेट्रोल जास्त पिते. आपण म्हणतो, इंजिनाचे वय झाले.

मी तेव्हा बावीस वर्षांचा, सर्वज्ञ. दादांची गाडी जड झाली, तेव्हा डेल्कोचा बोल्ट सैल करून मी तो अंदाजाने फिरवला आणि टायमिंग पुढे घेतले. सपाटीवर गाडी पुन्हा पळू लागली. कौतुकही झाले. आठवड्याने, चतुर्थीच्या तोंडावर, आईला माहेरहून आणायला सावंतवाडीला गेलो. परत येताना डिकीत नारळ, बाहेर पाऊस आणि आंबोलीचा घाट. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि ठिणगी मी हाताने पुढे करून ठेवलेली. तिला मागे कोण आणणार? डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येऊ लागला. दादा म्हणाले, 'गाडी कण्हते का रे?' मी म्हणालो, चढ आहे.

वरच्या वळणाच्या अलीकडे गाडी थांबली. एका पिस्टनला भोक पडले होते. गणपती त्या वर्षी शेजाऱ्यांच्या टांग्यातून घरी आला.

इंजिन उघडणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी आधी ती नळी काढून तोंडाने ओढली. हवा सरळ आत आली. 'पडदा गेलाय. तुम्ही डेल्को का फिरवलात?' दादा शेजारीच उभे होते. मला एक शब्द बोलले नाहीत, बिल मात्र हप्त्यांनी वर्षभर फेडत राहिले.

तर तपासायची रीत अशी. इंजिन बंद ठेवून, डेल्कोचे झाकण काढून नळी ओढा आणि टोकावर जीभ ठेवा. प्लेट सरकली पाहिजे आणि जीभ काढेपर्यंत तिथेच राहिली पाहिजे. सरकून हळूहळू मागे आली तरी पडदा गळतोय समजा. टायमिंग लाइट लावून बघणाऱ्यांनी नळी काढून तिचे टोक बंद करावे, मगच खूण जुळवावी. त्याआधी पॉइंटमधले अंतर पाहा, ते सुमारे ०.४ मिलिमीटर लागते. ते हलले की टायमिंगही हलते, म्हणून हा क्रम उलटा करू नका.

गाडी बाहेर आणली आहे, तीच. आरतीनंतर बॉनेट उघडतो. मुलांनी टॉर्च आणावा आणि बायकांनी पदर सांभाळावा, फॅनला जाळी नाही.