दंतकथेला गाव हवे



हीरक महोत्सवानिमित्त मी वाचनालयाविषयी बोलावे, अशी सूचना होती. त्यातील एकाच कपाटाविषयी बोलते. ते ऐतिहासिक गोष्टींचे. पाचवी-सहावीतली मुले त्यावर तुटून पडतात. आठवीत गेली की विचारतात, ‘‘बाई, हे खरेच घडले का?’’ समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर पुस्तक मिटते आणि त्यासोबत मराठी वाचनही.

हिरकणीचेच पाहा. दूध विकायला रायगडावर गेलेली गवळण, सूर्यास्तानंतर मिटलेले दरवाजे, घरी तान्हे मूल आणि अंधारात उतरलेला कडा. समकालीन कागदपत्रांत तिचा उल्लेख सापडत नाही. म्हणून ती खोटी ठरते का? रायगड खरा आहे, १६७४ चा राज्याभिषेक खरा आहे आणि त्या कड्यावरील बुरूज आजही तिच्याच नावाने ओळखला जातो. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव जगदीश्वराच्या मंदिरापाशी दगडात कोरले गेले. दूधवालीचे नाव मात्र लोकांनी जिभेवर जपले. कुमारांसाठी ही कथा नव्याने सांगणाऱ्याने नेमके येथे रेंगाळावे. गडावरच्या माणसांना दूधदुभते कोण पुरवी? दरवाजांची शिस्त एवढी कडक का? पहारेकऱ्याला दया आली असती, तरी त्याला दरवाजा उघडता आला असता का? असे प्रश्न कथेत उतरले की चौदा वर्षांची मुलगी स्वतः त्या दरवाजापाशी जाऊन उभी राहते. गो. नी. दांडेकरांनी गडकोट पायी पालथे घातले होते. म्हणून त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्या वाचताना चढाचा दम लागतो.

आपल्या बंगळुरूचीही अशी एक कथा आहे. केम्पेगौडांनी १५३७ मध्ये वसविलेल्या या नगराच्या किल्ल्याचा दरवाजा म्हणे उभारला की कोसळे. तो टिकावा म्हणून त्यांची गर्भवती सून लक्ष्मम्मा हिने रात्री एकटीने जाऊन प्राण दिले. कोरमंगलात तिचे स्मारक आहे. हा त्याग मुलींपुढे जसाच्या तसा आदर्श म्हणून ठेवणे मला मान्य नाही. दरवाजा कोसळण्याचे कारण पायात असेल, मातीत असेल, पावसात असेल. त्याची किंमत आपण जिवाने चुकवावी, असे घरच्या सुनेला का वाटले, हे लेखकाने तिच्या घरात शिरून दाखवावे. कथा बदलू नये. पण सांगताना डोळे उघडे ठेवावेत. (आमच्या मुली तेवढ्या चौकस आहेत, हे पालकांना ठाऊक आहेच.)

पुढे १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या मोहिमेत हाच किल्ला आदिलशाहीकडे गेला आणि शहाजीराजांचा मुक्काम येथे पडला. बालशिवाजीही काही काळ येथे राहून गेले. पुण्याहून आलेल्या त्या मुलाला एखाद्या कन्नड दाईने त्या दरवाजाची गोष्ट सांगितली असती तर? तिने ती कशी सांगितली असती, त्याने काय विचारले असते? अशी मराठी कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही.

येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी ती लिहावी. चिकपेट, बळेपेटच्या गल्ल्या आजही पायी हिंडता येतात. हस्तलिखित आमच्याकडे पाठवा. पहिले वाचन नववीचा वर्ग करील आणि आवडले नाही तर तसे स्पष्ट सांगेल.