पडवीचा हिशेब

आमच्या कळंबच्या बाजूला घराला पडवी हवीच. वाटसरू तिथे टेकतो, म्हातारी माणसे तिथूनच गावावर नजर ठेवतात.

मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींतही अशी एक पडवी होती. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या या चाळी. खोली अवघी १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. पण दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधला लांब बोळ, तीच साऱ्या मजल्याची पडवी. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींत ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. सोय मोठी झाली, हे नाकारून चालणार नाही. तरी रहिवासी विचारीत आले : लिफ्टचा, देखभालीचा खर्च पेलेल का? शेजार टिकेल का? कोणी याला कुरकूर म्हणेल. मला तर वाटते, घराची खरी पारख राहणाऱ्यालाच असते.

आता आपल्या कर्जत-नेरळकडेही इमारती उठताहेत. शिक्षकहो, वर्गात मुलांना एवढेच विचारा : या इमारतीत आजी दुपारची कुठे बसेल? उत्तर सापडले नाही, तर नकाशात काही राहून गेले आहे, असे खुशाल समजा. आणि बांधकाम उभे राहण्याआधीच ते बोलून दाखवा.